तक्र, ग्रहणी आणि ‘प्रोबायोटिक’ : नाव, वाण आणि गुण

१. प्रश्नाचे स्वरूप

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हा दुधाचा जिल्हा आहे. आणि जेथे दूध तेथे विरजण व ताक असावयाचेच. काही वर्षांपूर्वी बोलीतील शब्दांच्या संकलनासाठी प्रस्तुत लेखक राहुरी तालुक्यातील एका गावी गेला असता, ज्या घरी उतरला होता त्या घरातील वीस-बावीस वर्षांचा मुलगा आजारी होता. शौचावाटे रक्त जाणे, वारंवार शौचास होणे व वजन घटणे ह्या तक्रारी वर्षभर चालल्या होत्या. दुर्बिणीची तपासणी होऊन औषधही सुरू झाले होते. मुलाची आई म्हणाली, “आतड्याला सूज हाय म्हनले, म्हंजी संग्रहनीच की. गोळ्या चालू हायेत, पर खरा गुन ताकाचा.” पुढे रक्त जाणे थांबले, गोळ्या बंद झाल्या, ताक तेवढे चालू राहिले. तीन महिन्यांच्या आत मुलाला रक्तस्राव व ताप ह्यांसह रुग्णालयात दाखल करावे लागले. तो वाचला व आज औषधावर बरा आहे.

ह्या प्रसंगात कोणी अडाणीपणा केला असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. त्या माउलीचा युक्तिवाद सुसंगत होता. सूज म्हणजे संग्रहणी, संग्रहणीवर ताक, आणि ताकात ‘चांगले जंतू’ असतात हे तर आता वर्तमानपत्रेही सांगतात. ह्या साखळीतील प्रत्येक दुवा म्हणजे एक शब्द आहे, आणि प्रत्येक शब्द थोडा थोडा सरकलेला आहे. हे सरकणे कोठे व कसे होते हे दाखविणे, आणि त्या ओघात आतड्यांतील उपकारक जिवाणू व आतड्यांचा दीर्घकालीन शोथ ह्यांच्या संबंधाविषयी आज काय सिद्ध झाले आहे ते सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्य नव्हे. म्हणून चिकित्सेचा उपदेश येथे अभिप्रेत नाही.

२. ‘आतड्याला सूज’ : एक शब्दप्रयोग, अनेक रोग

मराठी माणूस ‘आतड्याला सूज आली’ असे म्हणतो तेव्हा त्या शब्दांच्या पोटात विषमज्वर, दूषित पाण्याने झालेली हगवण, आव, आतड्याचा क्षय आणि साधा अपचनाचा त्रास असे सर्व काही सामावते. ‘शोथ’ हा संस्कृत शब्द मुळात फुगण्याचा वाचक आहे, ‘दाह’ हा जळण्याचा. वैद्यकीय परिभाषेत आपण दोन्ही शब्द एकाच प्रक्रियेसाठी वापरतो. ही प्रक्रिया म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने एखाद्या स्थानी उघडलेली आघाडी होय. शत्रू परतला की आघाडी मिटावी, हा आरोग्याचा नियम.

ज्या रोगांत ही आघाडी मिटतच नाही, अशा दोन प्रमुख आंत्ररोगांना मिळून इंग्रजीतील आद्याक्षरांवरून ‘आयबीडी’ म्हणतात. येथे आपण त्यांस ‘दीर्घकालीन आंत्रशोथ’ म्हणू. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे व्रणयुक्त बृहदांत्रशोथ. त्याचे वर्णन सॅम्युएल विल्क्स ह्या इंग्रज वैद्याने १८५९ मध्ये केले. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता मर्यादित असतो आणि गुदाशयापासून वर अखंड पसरत जातो. दुसरा क्रोन रोग. क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर ह्या तिघांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मुखापासून गुदापर्यंत कोठेही, मध्ये निरोगी भाग सोडून, आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत उतरू शकतो.

ह्या जोडीचे नाव आणखी एका नावाशी हमखास गोंधळले जाते. ‘आयबीएस’ ह्या विकारात पोट दुखते व शौचाची सवय बिघडते. परंतु आतड्याला व्रण पडत नाहीत व रक्तही जात नाही. एका अक्षराचा हा फरक रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा आहे. भारतात ह्यात आणखी एक अडचण अशी की, आतड्याचा क्षय व क्रोन रोग हे दुर्बिणीतून पाहतानाही एकमेकांसारखे दिसतात. आणि क्रोन समजून शोथशामक औषधे दिली तर क्षय बळावतो. हे रोग आपल्याकडे नाहीत, ही समजूतही टिकण्यासारखी नाही. लुधियाना येथील पाहणीत व्रणयुक्त बृहदांत्रशोथाचे प्रमाण लाख लोकांमागे ४४.३ आढळले, ही पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

३. ग्रहणी व तक्र : परंपरा काय म्हणते

‘संग्रहणी’ ह्या शब्दामागे ‘ग्रहणी’ आहे, आणि तिच्यामागे ‘ग्रह्’ म्हणजे धरणे हा धातू. अन्न पचेपर्यंत जे धरून ठेवते ते अवयवस्थान म्हणजे ग्रहणी, अशी चरकसंहितेची व्युत्पत्ती आहे. आमाशय व पक्वाशय ह्यांच्या मधले हे स्थान. ते दुर्बळ झाले म्हणजे अन्न न पचताच पुढे सरकते, आणि त्या स्थानाच्या बिघाडालाही तेच नाव मिळते. अवयवाचे नाव रोगाला लागण्याची ही प्रक्रिया भाषेत नित्याची आहे; ‘मूळव्याध’ न म्हणता नुसते ‘मूळ’ म्हणणारे लोक आपणांस भेटतातच.

चरकाने चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीची चिकित्सा सांगितली असून तेथे तक्राची प्रशंसा आहे. तक्र हे अग्नी प्रदीप्त करणारे, मल बांधणारे व पचावयास हलके, म्हणून ते ग्रहणीवर हितकर. सूत्रस्थानातही ग्रहणीदोष, शोफ व अर्श ह्यांच्या शमनासाठी तक्राचा अभ्यास, म्हणजे नित्य सेवन, श्रेष्ठ मानले आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली, ही प्रशंसा पचनशक्तीच्या दौर्बल्यासंबंधी आहे. रक्त पडणाऱ्या अतिसाराचा विचार चरक एकोणिसाव्या अध्यायात, अतिसाराच्या प्रकरणात, वेगळा करतो. दुसरी, प्राचीनांनी तक्राचा गुण त्याच्या रसावर व लघुत्वावर बसविला आहे, त्यातील सजीवांवर नव्हे. ती कल्पना त्यांच्यापुढे नव्हती.

पुढे ‘संग्रहणी’ हा शब्द लोकभाषेत कोणत्याही जुनाट हगवणीस लागू झाला. लहान आतड्यातून पोषणद्रव्ये शोषली न जाण्याच्या ‘स्प्रू’ नामक विकारासाठीही तोच योजण्यात आला. आज मोठ्या आतड्यातील व्रणांसाठी तोच शब्द वापरला जातो. नाव कायम राहिले, वाच्यार्थ तीनदा बदलला. ग्रहणीवर ताक, हे वाक्य ज्या अर्थाने सांगितले गेले त्या अर्थाने अनुभवसिद्ध असूही शकेल. पण शब्दाचा अर्थ पालटल्यावर वाक्याचे प्रामाण्य आपोआप नव्या अर्थाकडे जात नाही.

४. आतड्यातील वसाहत

आता ‘जंतू’ ह्या शब्दाकडे वळू. संस्कृतात ‘जन्तु’ म्हणजे जन्मलेला, कोणताही प्राणी. मराठीत त्याचा अर्थसंकोच होऊन तो रोगकारक सूक्ष्मजीवाचा वाचक बनला. त्यामुळे ‘चांगले जंतू’ हा प्रयोग आपल्या कानांस विसंगत वाटतो व त्याच कारणाने लक्षात राहतो. शास्त्रीय लेखनात ‘जिवाणू’ हा तटस्थ शब्द बरा.

मनुष्याच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात, हे विधान पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरगणनेनुसार हा आकडा सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे शरीरातील पेशींच्या जवळपास बरोबरीचा आहे; आणि त्यांपैकी बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात असतात. हे जिवाणू आपल्याला न पचलेले तंतुमय पदार्थ आंबवून ब्यूटिरिक आम्लासारखी लघु आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा ह्या ब्यूटिरेटमधूनच मिळवितात. अस्तरावर श्लेष्म्याचा थर असतो; तो जिवाणूंना पेशींपासून अंतरावर ठेवतो. थराच्या अलीकडे संरक्षक पेशी पहारा देतात, परंतु पलीकडच्या रहिवाशांशी त्यांचा एक प्रकारचा तह झालेला असतो.

दीर्घकालीन आंत्रशोथात हा तह मोडतो. आनुवंशिक प्रवृत्ती, आहार व परिसर ह्यांच्या संयोगाने श्लेष्म्याचा थर विरळ होतो, जिवाणू अस्तराला भिडतात आणि संरक्षणव्यवस्था आपल्याच रहिवाशांवर शस्त्र उगारते. रहिवाशांची मांडणीही बदललेली आढळते. २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखविले की, फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा ब्यूटिरेट तयार करणारा जिवाणू क्रोन रोग्यांत घटलेला असतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तो ज्यांच्यात कमी होता त्यांच्यात रोग लवकर उलटला. मात्र ही घट रोगाचे कारण की परिणाम, ह्याचा निवाडा करणे कठीण आहे. ओसाड गावात माणसे कमी दिसतात; परंतु माणसे गेली म्हणून गाव ओस पडले, की गावात पाणी उरले नाही म्हणून माणसे गेली, हे नुसत्या शिरगणतीवरून ठरत नाही.

ही वसाहत देशोदेशी एकसारखीही नसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतील जिवाणूंचा विशेष अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी भारतीयांमध्ये प्रिव्होटेला व मेगास्फेरा ह्या प्रजातींचे प्राबल्य दिसले व अमेरिकनांपासूनचे त्यांचे वेगळेपण स्पष्ट झाले. त्यापूर्वी २०१४ मध्ये पुण्याच्याच संशोधकांनी मानवी मलातून वेगळ्या केलेल्या एका नव्या जातीला ‘मेगास्फेरा इंडिका’ हे नाव दिले होते. परदेशी आतड्यावर पारखलेला जिवाणू आपल्या आतड्यात तसाच वागेल, हे म्हणून गृहीत धरता येत नाही.

५. ‘प्रोबायोटिक’ शब्दाचा प्रवास

आंबविलेल्या दुधातील जिवाणूंना आरोग्याशी जोडण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ ह्याला दिले जाते. १९०५ मध्ये ग्रिगोरॉव्ह ह्या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनीव्हा येथे तेथील दह्यातील दंडाणू शोधून काढला. मोठ्या आतड्यातील कुजण्याच्या क्रियेमुळे वार्धक्य लवकर येते व आम्ल तयार करणारे जिवाणू ती क्रिया रोखतात, असे प्रतिपादन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफने केले. त्याला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते रोगप्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल होते, दह्याबद्दल नव्हते. जाहिरातींत हा भेद सहसा राखला जात नाही.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द ‘अँटिबायोटिक’च्या विरुद्धार्थी घडला : तो जीवनाच्या विरुद्ध, हा जीवनाच्या बाजूचा. १९६५ मध्ये लिली व स्टिलवेल ह्यांनी तो एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या व दुसऱ्याच्या वाढीस पोषक ठरणाऱ्या द्रव्यासाठी वापरला होता. १९८९ मध्ये फुलर ह्याने तो सजीव सूक्ष्मजीवयुक्त आहारपूरकासाठी निश्चित केला. २००१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत : सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा मात्रेत हवेत, आणि त्यांचा आरोग्यास होणारा लाभ सिद्ध झालेला हवा. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. ‘प्रोबायोटिक’ हे वस्तूचे नाव नसून सिद्ध झालेल्या संबंधाचे नाव आहे. ‘औषध’ हा शब्दही असाच : वनस्पती रानात असते, औषध ती रोगाच्या संदर्भातच होते.

६. वाण

हा संबंध कोणाचा? जिवाणूंच्या नावात प्रजाती, जाती व तिच्याखाली एक तिसरी पायरी असते. ह्या तिसऱ्या पायरीसाठी परिभाषेत ‘प्रभेद’ शब्द सुचविला जातो. परंतु शेतकऱ्याच्या तोंडचा ‘वाण’ हा शब्द अधिक नेमका आहे. नगरच्या रब्बी पट्ट्यातील शेतकरी नुसती ‘ज्वारी’ पेरीत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा व भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण शिफारस केले आहेत. जात एकच, पण जमीन चुकली तर पीक चुकते. ‘ज्वारी चांगली येते’ असे कोणी म्हणताच ‘कोणता वाण? कोणत्या रानात?’ हा प्रश्न तो सहज विचारतो. जिवाणूंच्या बाबतीत हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

ह्याचे उत्तम उदाहरण एश्चेरिकिया कोलाय ही जाती होय. तिचा ओ१५७ नावाने ओळखला जाणारा वाण रक्ती हगवण व मूत्रपिंडाचा घात घडवितो. उलट, पहिल्या महायुद्धात सोबतचे सैनिक अतिसाराने आजारी पडत असता निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या मलातून आल्फ्रेड निस्ले ह्या जर्मन वैद्याने १९१७ मध्ये त्याच जातीचा जो वाण वेगळा केला, तो आजही औषध म्हणून वापरला जातो. जातीचे नाव तेच, गुण परस्परविरुद्ध.

वरच्या पायऱ्यांवरील नावेही स्थिर नाहीत. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ह्या प्रजातीचे शास्त्रज्ञांनी पंचवीस प्रजातींत विभाजन केले. इतके भिन्न जीव एका नावाखाली इतकी वर्षे नांदत होते.

७. प्रयोगांची साक्ष

(अ) व्रणयुक्त बृहदांत्रशोथ. निस्लेच्या वाणाची तुलना मेसालाझिन ह्या प्रस्थापित औषधाशी करणारा ३२७ रुग्णांचा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग पूर्ण केलेल्यांपैकी वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण वाण घेणाऱ्यांत ३६.४ टक्के व औषध घेणाऱ्यांत ३३.९ टक्के होते. दोन्ही जवळपास समान म्हणावयास हरकत नाही. परंतु ही समानता रोग शांत झालेल्या रुग्णांतील आहे, हे विसरू नये.

आपल्याच देशात झालेला महत्त्वाचा प्रयोग लुधियानाचे अजित सूद व त्यांचे सहकारी ह्यांचा, २००९ चा. सौम्य ते मध्यम रोग असलेल्या १४७ रुग्णांपैकी काहींना व्हीएसएल क्रमांक ३ हे आठ वाणांचे मिश्रण व काहींना निष्क्रिय भुकटी दिली. बारा आठवड्यांनंतर रोग शांत झाल्याचे प्रमाण अनुक्रमे ४२.९ व १५.७ टक्के आढळले. फरक लक्षणीय आहे. तथापि मात्रा पाहावी : दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ३,६०० अब्ज जिवाणू. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात दिवसाच्या मात्रेला किमान १० कोटी जिवाणू असले म्हणजे पुरते. प्रयोगातील एका वेळची मात्रा ह्याच्या ३६,००० पट होती. दोहोंनाही आपण एकाच शब्दाने संबोधतो!

ह्या मिश्रणाच्या नावाची कथाही उद्बोधक आहे. २०१६ पासून अमेरिकेत मूळ मिश्रण दुसऱ्या नावाने विकले जाऊ लागले व जुन्या नावाखाली वेगळे मिश्रण आले. त्यावरून न्यायालयात वाद झाला. जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष नावामागे जातात की वाणामागे? शास्त्रदृष्ट्या उत्तर एकच आहे : वाणामागे.

(आ) शस्त्रक्रियेनंतरचा शोथ. मोठे आतडे काढून लहान आतड्याची पिशवी केलेल्या रुग्णांत त्या पिशवीलाच शोथ होतो. २००० मध्ये इटलीत झालेल्या ४० रुग्णांच्या प्रयोगात नऊ महिन्यांत हा शोथ उलटला तो आठ वाणांचे मिश्रण घेणाऱ्या वीसांपैकी तिघांत व निष्क्रिय भुकटी घेणाऱ्या वीसांपैकी सर्वांत. प्रयोग लहान, परंतु फरक इतका मोठा क्वचितच दिसतो.

(इ) क्रोन रोग. येथे निराशाच पदरी येते. सॅकॅरोमायसीस बोलार्डी ह्या उपकारक किण्वाचा १६५ रुग्णांवरील प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग उलटणे त्याने थांबले नाही. इतर प्रयोगांचेही चित्र वेगळे नाही. ज्या रोगात आतड्याची भिंत तळापर्यंत पोखरली जाते, तेथे पृष्ठभागावरून वाहत जाणाऱ्या पाहुण्यांचा प्रभाव पडू नये, हे समजण्यासारखे आहे.

सर्व पुरावा तोलून अमेरिकेतील जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये सांगितले की, ह्या दोन्ही रोगांत प्रोबायोटिकांचा वापर संशोधनाच्या चौकटीतच करावा. पिशवीच्या शोथात मात्र आठ वाणांचे मिश्रण सशर्त सुचविण्यास हरकत नाही. आणखी एक सावधानता अशी की, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी वा रोगाने फार क्षीण झाली आहे, त्यांच्यात हे ‘उपकारक’ जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग घडवितात.

८. मग घरच्या ताकाचे काय?

‘विरजण’ हा शब्द मराठीत मोठा सूचक आहे. दुधाला विरजण लागते तेव्हा ते इष्ट. उत्साहावर विरजण पडते तेव्हा अनिष्ट. कशावर पडले ह्यावर गुण अवलंबून, हे भाषेने आधीच ओळखले आहे.

घरचे विरजण म्हणजे अनेक जिवाणूंचा मिश्र मेळा. लॅक्टोकॉकस, ल्यूकोनोस्टॉक, लॅक्टोबॅसिलस कुळातील दंडाणू ह्यांचे प्रमाण ऋतूनुसार, दुधानुसार व घरानुसार बदलते. त्यांतील वाण ठरलेला नसतो, मात्रा मोजलेली नसते व विशिष्ट रोगावरील लाभ पारखलेला नसतो. म्हणून कोर्दोबा व्याख्येनुसार ते प्रोबायोटिक नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २०११ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही वाणाची निश्चिती ही आरंभीची पायरी आहे.

ह्याचा अर्थ ताक निरुपयोगी, असा मुळीच नव्हे. दह्यातील जिवंत जिवाणू दुग्धशर्करा पचविण्यास साहाय्य करतात, हे सिद्ध झाले आहे. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना ताक सोसते, ह्या घरगुती अनुभवामागे हेच कारण आहे. ताक हे उत्तम अन्न आहे, आणि ज्या रुग्णास ते मानवते त्याने ते अवश्य प्यावे. प्रमाद ताक पिण्यात नाही. ताकाच्या भरवशावर गोळ्या बंद करण्यात आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसेल की, शास्त्रीय सत्य येथे चार प्रश्नांच्या उत्तरात सामावले आहे : कोणता वाण, कोणत्या रोगात, किती मात्रेत, आणि रोगाच्या कोणत्या अवस्थेत? ‘चांगले जंतू’ हा शब्दप्रयोग हे चारही प्रश्न एकदम गिळून टाकतो. लोकांना शास्त्र कळत नाही असे म्हणण्यापूर्वी, आपण त्यांना कोणते शब्द दिले ह्याचा विचार अभ्यासकांनी केला पाहिजे.

ह्या कामी आपल्याच जिल्ह्यात एक मार्गदर्शक उदाहरण आहे. जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे ह्यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्यप्रकल्प सुरू केला आणि गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिले. हगवण लागली म्हणजे मीठ-साखरेचे पाणी पाजावे, हे त्या स्त्रियांनी गावच्या भाषेत सांगितले व गावाने ते ऐकले, कारण सांगणारी व शब्द दोन्ही ओळखीची होती. दीर्घकालीन आंत्रशोथाविषयीही असे शब्द घडवावे लागतील. ‘सूज उतरली म्हणजे रोग गेला असे नव्हे’, ‘शौचातून रक्त ही संग्रहणी नव्हे, तपासणीचे कारण आहे’, अशी वाक्ये तालुक्यातालुक्यांतील रूढ शब्दांत बसवावयाची, तर आधी ते शब्द संकलित केले पाहिजेत. पोटाच्या विकारांची बोलीनिहाय शब्दसूची हा पदव्युत्तर प्रबंधिकेस योग्य असा विषय आहे. ज्या विद्यार्थ्यास तो हाती घ्यावयाचा असेल त्याने आरंभ कोशापासून न करता रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून करावा, असे सुचवावेसे वाटते.